एकशे एकोणचाळीस कुणाचे?

ब्राह्मणपुरी, मंगळवार

प्रिय रुपा,

एकदाच भेटलेल्या मुलीला ‘प्रिय’ लिहावं का, यावर बराच विचार केला. पण पोहे खाताना तूच म्हणाली होतीस, "अहो-जाहो नको, एकाच वर्षाचे आहोत आपण." मग माझ्या बायोडाटावर बोट ठेवलंस, "आयक्यू एकशे एकोणचाळीस. कुठे मोजला?" मी म्हणालो, ऑनलाइन. शहाद्याच्या लॅबमध्ये रोज रक्त तपासणारी तू, हसून म्हणालीस, "त्याच नमुन्याचा आकडा दुसऱ्यांदाही तोच आला, तर मानते." तेवढ्यात चहा आला आणि मी सुटलो. रविवारी तुमच्याकडून उत्तर येणार, त्याआधी माझं उत्तर तुला मिळायला हवं.

तो आकडा आला कसा, ते सांगतो. बायोडाटा बनवताना माझी बहीण स्वप्नाली म्हणाली, नुसतं बी.एस्सी. ॲग्री आणि पपईचा मळा, यात विशेष काय? तिने एक चाचणी उघडून मोबाइल माझ्या हाती दिला. ओसरीवर पहिलाच प्रश्न वाचत होतो, तोच आबा खाटेवरून म्हणाले, "एकलाच काय करी ऱ्हायना? आमले बी दखाड." आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायलाही कुणी एकटा जात नाही. एक जण दात बघतो, एक खूर, आणि एक नुसताच किंमत ऐकून "बाप रे!" म्हणतो. तसंच झालं. आकड्यांच्या माळा आबांनी सोडवल्या. फिरवलेली आकृती ओळखायला आईने मोबाइल आडवा धरला, तर चित्रही सोबत फिरलं, तिने मोबाइललाच दटावलं, "उगी ऱ्हाय ना!" तरी उत्तर तिचंच बरोबर निघालं. शब्दांचे प्रश्न स्वप्नालीचे. माझं काम बोट दाबायचं. निकाल आला तेव्हा आबा म्हणाले, "पोऱ्या हुशार शे!" यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

तुझ्या प्रश्नानंतर मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत दार लावून तीच चाचणी एकट्याने दिली. एकशे आठ. दुसऱ्या साइटवर एकशे सव्वीस. तिसरीने सगळं सोडवून घेतलं आणि आकडा दाखवायला पैसे मागितले. पहिली पुन्हा दिली तर आकडा वाढला, कारण प्रश्न ओळखीचे झाले होते. मग कुतूहलाने वाचत सुटलो. खात्रीचं मोजमाप म्हणजे जाणकार मानसशास्त्रज्ञ समोर बसवून घेतो ते. तेही आपल्यासारख्या पुष्कळ लोकांवर आधी पारखलेल्या चाचणीने. मोबाइलवरची चाचणी कुणावर पारखली, हे मला सापडलेल्या एकाही साइटने सांगितलं नाही. माती परीक्षणाला शेतभरची माती मिसळून देतात, तशी आम्ही घरभरची डोकी मिसळून दिली होती.

काल हे स्थळ आणणारे मगनमामा आले. तुझ्या घरचे सगळे त्या आकड्यावर खूश आहेत, होकार नक्की, असं सांगून गेले. आनंद झाला, पण आज हे पत्र लिहायला बसलो. एकशे एकोणचाळीस हे आमच्या घराचे आहेत, रुपा. या घरात आलीस तर तुलाही ते मिळतील, कदाचित वाढतीलही. माझा एकट्याचा नमुना मात्र साधाच आहे. रविवारचा प्रश्न तरी काका-मामांना खाटेवर बसवून सोडवू नकोस. दार लाव आणि एकटीने उत्तर दे. उत्तर ‘नाही’ आलं, तरी मी ते खरं मोजमाप मानीन.

‘तुझाच’ लिहायला रविवारपर्यंत थांबतो.

हेमकांत