डब्याला लावलेलं कुंकू

अहो,

सोनपेठच्या दसऱ्याच्या कार्यक्रमाला मी एकटीच निघाले. भाकरी टोपल्यात हायेत.

खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा करा, विळ्या-कुऱ्हाडीची करा. माझ्या ऑडिओ इंटरफेसची कुणी करायला सांगितली होती? पेटी, ढोलकी, माइक, सगळ्याच्या वायरी त्या काळ्या डब्यातून टॅबमध्ये जातात. तुमी काल त्या सगळ्या उपटल्या, डब्यावर पाणी शिंपडलं, हळदी-कुंकू वाहिलं अन् वायरी दिसेल त्या भोकात खुपसल्या. सकाळी ढोलकीचा ठेका लूपमध्ये भरायला बसले, म्हंजी एकदा वाजवला की टॅब तोच फिरून फिरून वाजवतो, तर तो पेटीच्या जागी जायला लागला. ते मी नीट केलं. पण पेटीच्या भोकात कुंकू बसलंय, नुसती खरखर येतीय. काडीला कापूस गुंडाळून तासभर पुसलं, तरी जाईना. आता पेटी घरीच ठेवलीय. सूर तोंडानंच भरीन, लोक हसले तर हसू द्या.

वरून तुमी म्हणता, 'पायाच पडलो ना, काय वाईट केलं?' दोन वर्षं मी रोज वाजवायले. आवाज सुरू झाला की तुमी चपला घालून पारावर जाता. डब्याच्या पाया पडायला बरा वेळ मिळाला, त्यातून काय निघतं ते ऐकायला एकदा बी न्हाई.

कार्यक्रम पाचला हाय. या म्हणत न्हाई. आलात तर पुढच्या रांगेत बसा. मागून उठून जायला लय सोपं पडतं.

राजेश्री