आईंच्या शेताला काय पाहिजे

९ नोव्हेंबर, रविवार
गावी जाऊन आलो. भात कापून झालंय, आता आई भाजीला लागतील. सासरे गेल्यापासून बारवी रोडचं ते शेत सासूबाई एकट्याच करतात. दिपेशने विचारलं, "आई, शेताला काय पाहिजे ते बोल." त्या म्हणाल्या, "मना काय नको." अंबरनाथला घरी येईपर्यंत दिपेशचं एकच — आई कधी मागणार नाही, आपणच ओळखायचं.
काय ओळखायचं?

१२ नोव्हेंबर
दिपेशने बॅटरीवरचा फवारणी पंप मागवला. खूश आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
पंप खोक्यातच. खोक्यावर कोंबडी. "जड हाय," आई म्हणाल्या. दिपेशने एका हाताने उचलून दाखवला. मग म्हणाल्या, "पानी लांब हाय." झालं — आता विहिरीपासून पाइप टाकायचा. पण मला चहा देताना वेगळंच — पाण्याचं काय, बादलीनं घालतेच की.
मग नक्की काय? जड, लांब, की काहीच नाही?

२१ नोव्हेंबर
आज आई अचानक उल्हासनगरला, कॅम्प २ मध्ये, मी कामाला आहे त्या जीन्सच्या कारखान्यात! परसातल्या मुळ्याची जुडी द्यायला आल्या म्हणे. एवढ्या लांब, एका जुडीसाठी? मी बिलं करत होते. त्या धागे कापणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या. त्यांच्यातल्या गोजरबाईंनी हातात कात्री दिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठल्याच नाहीत. मध्येच एवढ्या जोरात हसल्या की शेठनी वर बघितलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांचं असं हसणं मी ऐकलेलं नाही.
दिपेशला सांगितलं. "बाजारात आली असेल, पाय दुखले असतील," म्हणाला.

२३ नोव्हेंबर, रविवार
दिपेश पाइप जोडत होता. मी आईंबरोबर बांधावर.
"शेताला काय पायजे, शेताला काय पायजे... सगले त्याच इचारतात."
"मग तुम्हाला काय पाहिजे?"
त्यांनी दिपेशकडे बघितलं. "त्याला जरा जाऊ दे."
तो गेलाच नाही. वाफ्यात पाणी आल्यावर आईंना उभं करून फोटो काढला.

२४ नोव्हेंबर
फोन केला. "काय नाय गो," एवढंच. दिपेशला काय सांगू? मलाच कळलेलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
शेतात आईंच्या जागी आवडी, वरच्या वाडीतली. पाठीवर पंप, भेंडीवर फवारत होती.
"काशीवयनीनं सांगलं, अवंदा तू कर. निम्मा माल तुझा." तिची स्वतःची जमीन डोंगरउतारावर, पावसाळा संपला की कोरडी. पाइपवर हात फिरवून म्हणाली, "पान्याचं लई बरं केलंत, भाऊ."
दिपेश बांधावरच बसला. "बाबांची जमीन आहे ती," म्हणाला. कोणाला, काय माहीत. आवडी परत भेंडीकडे वळली.
घराला कुलूप. आई बहिणीकडे उल्हासनगरला गेल्यात, शेजारच्या रंजनाने सांगितलं. आम्हाला का नाही सांगितलं? रागावल्यात? आजारी आहेत? रात्री आम्ही दोघं जेवलो नाही नीट.

१ डिसेंबर
कारखान्यात पोचले तर आई माझ्या आधी हजर, गोजरबाईंच्या शेजारी, मांडीवर जीन्सचा ढीग. शेठनी कामावर घेतलंय. मी "आई—" म्हणून हाक मारली. कात्री न थांबवता म्हणाल्या, "हितं मना काशी म्हनतात."