बंबाची वाट आणि आण्णांचा फोटो

भांडगाव,
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप ज्योतिबा आण्णांच्या पायाशी हनुमंताचा साष्टांग नमस्कार. (जावयाने बायकोच्या भावाला साष्टांग घालायची आपल्याकडे रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सविता म्हणाली, उभ्याने नमस्कार करण्याइतकं तोंड तुम्हाला उरलंय का? म्हणून आडवा घातला.) सासूबाईंचे गुडघे आता कसे आहेत? प्रतिभावहिनींचा खोकला गेला का? मांडवगणच्या वावरातला ऊस तुटून गेला, की टोळीने अजून तोंड दाखवलेलं नाही? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. मला तेवढं जेवण जात नाही, पण त्याबद्दल घरात कोणी हळहळताना दिसत नाही.

फोन तुम्ही उचलत नाही, ते योग्यच आहे. म्हणून पत्र लिहितोय. राजनंदिनीचं लग्न वैशाखात आपल्याच कार्यालयात ठरलंय, आणि तुम्ही सविताला निरोप धाडलात की त्या कार्यालयाची पायरी मी चढणार नाही. आण्णा, पोरीला बोहल्यापर्यंत मामा आणतो. तिला मामा एकच. ती परवा मला म्हणाली, "मामा नसला तर मी काय एकटीच चालत जाऊ व्हय, पप्पा?" आणि आत निघून गेली. तेव्हा जे झालं ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझा हेतू किती चांगला होता ते तरी कळेल. (हेतू हा शब्द घरात काढायला मला बंदी आहे.)

कार्यालयाच्या तपासणीला अग्निशमनचे साहेब आले होते. हायवेच्या फाटकापासून मागच्या भटारखान्यापर्यंत बाजूने जी गल्ली जाते, ती त्यांनी चालून पाहिली आणि म्हणाले, ही वाट आगीच्या बंबासाठी कायम मोकळी पाहिजे, इथे सायकलसुद्धा नको, आणि तसे बोर्ड लावा. पांढऱ्यावर लाल अक्षरं, रात्री गाडीच्या उजेडात चमकतील असे, लोखंडी खांबावर, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. बाकी काही नको. माणूस इतकं सोपं सांगून गेला होता, आण्णा, की यात चूक करायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागले असते. ते मी घेतले.

दौंडला पप्पू फ्लेक्सवाल्याकडे गेलो. पहिला बोर्ड साहेबांनी सांगितला तसाच केला. पण लग्नघराच्या दारात लाल अक्षरात 'आग' बघून एका वरमाईने कपाळाला हात लावला आणि तारीख दुसरीकडे नेली. मग मी लालाचा गुलाबी केला आणि कडेने मोगऱ्याची वेल काढून घेतली. तो बोर्ड इतका देखणा झाला की त्याच्यापुढे उभं राहून नवरा-नवरी फोटो काढू लागले. कासारणीने खाली पाटी मांडली, आणि बँडवाल्यांनी खांबाला ढोल टांगला. एकाने तर नवरदेवाचं घोडं बांधलं. वाचून बाजूला झाला असा माणूस मला त्या महिन्यात दिसला नाही.

तेव्हा पप्पू म्हणाला, "दाजी, बिनफोटूचा बोर्ड आपल्याकडं वाचतंय कोण? माणूस टाका त्यात. वजनदार माणूस." आण्णा, मला तुम्ही आठवलात. खोटं कशाला सांगू, वजनामुळे नाही. कार्यालयाच्या उद्घाटनाच्या फ्लेक्सवर तुमचा फोटो खालच्या ओळीत, सोडावॉटरच्या एजन्सीशेजारी आला होता आणि तुम्ही जेवणाला न थांबता गेला होतात. ते माझ्या मनात सलत होतं. म्हटलं, एका बोर्डात दोन्ही कामं होतील, वाट मोकळी राहील आणि आण्णाही खूश होतील. सोसायटीच्या निवडणुकीतला तुमचा हात जोडलेला, भगव्या फेट्यातला फोटो काढला, चांगला दारासारखा मोठा केला, आणि खाली टाकलं, 'ही वाट आगीच्या बंबाची. कृपया येथे वाहन लावू नये. आपला नम्र, ज्योतिबा आण्णा.' आणि काय सांगू! लोक ऐकायला लागले. फाटकातून आत वळलेला ड्रायव्हर तुमचा चेहरा बघून गाडी मागे घ्यायचा. घोडंवालासुद्धा घोडं लांब बांधायचा. तीन महिने ती वाट तुमच्या जोरावर मोकळी राहिली, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

मग पंचायत समितीची निवडणूक लागली आणि तुम्ही उभे राहिलात. मला वाटलं, आपला तालुका दौंड, आण्णांचा शिरूर, आपल्या बोर्डाला कोण विचारतंय? पण तालुके दोन असले तरी आचारसंहिता एकच असते. निवडणुकीची माणसं जीप घेऊन आली आणि उमेदवाराचा फोटो म्हणून अख्खा बोर्ड पांढऱ्या कापडाने गुंडाळून गेली. निदान खालची दोन वाक्यं उघडी ठेवा म्हणालो. ते म्हणाले, 'आपला नम्र' हा प्रचार होतो. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. दुसऱ्याच दिवशी साधा बोर्ड करून आणायला हवा होता, ते मात्र माझं चुकलं. मी निकालाची वाट बघत बसलो, कारण फोटो परत उघडा झाला की तुम्ही निवडून आलेले असाल आणि त्याला हार घालता येईल, असा माझा हिशोब होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी माझ्या बाजूने लिहितो. मांडवगणच्या मुलीचं लग्न होतं, म्हणजे तुमचे मतदार. तुम्ही त्या दिवशीचं कितवं तरी लग्न उरकून घाईघाईने आलात. तुमची गाडी बंबाच्या वाटेत उभी राहिली. (कशी राहिली, त्यात आत्ता शिरत नाही.) ती बघून मागे आणखी गाड्यांची रांग लागली. तुम्ही स्टेजवर अक्षता टाकत होता, आणि मागे जिलबीच्या कढईतलं तूप पेटून जाळ वर कनातीला लागला. आचारी ओरडत पळाला. माणसं सगळी वाचली, हे देवाचे उपकार. मी मठ्ठ्याच्या पिंपात बादली बुडवून पेटलेल्या कनातीवर मारायला सुरुवात केली. त्या दिवशी वऱ्हाडाला मठ्ठा मिळाला नाही, पण अर्धी कनात वाचली.

साखर कारखान्याचा बंब लगेच आला आणि फाटकात अडकला. माइकवरून तुमच्या गाडीचा नंबर पुकारला. एकदा पुकारला, दोनदा पुकारला. तुम्ही स्टेजवरून उतरून फाटकापर्यंत गेलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "माझीच गाडी हाय. बघता काय? फोडा काच." काच फोडून, ब्रेक सोडून पोरांनी गाडी ढकलली. तेवढ्यात बंबाच्या पाइपाला एकदम जोर आला, पहिला फवारा बोर्डावर बसला आणि कापड उडून गेलं. वर तुम्ही फेट्यात, हात जोडून, 'कृपया येथे वाहन लावू नये.' खाली तुमची गाडी. शेजारी तुम्ही स्वतः. अख्ख्या वऱ्हाडाच्या हातात मोबाइल होते.

तो व्हिडिओ तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भाजीवाल्यांनीसुद्धा पाहिला. शिवाय बोर्ड उघडा दिसला म्हणून आचारसंहिता मोडल्याची तक्रारही तुमच्यावरच झाली. निकालाबद्दल मी लिहीत नाही. सीट थोडक्यात गेली, असं जो तो म्हणतो, आणि 'थोडक्यात' म्हणताना माझ्याकडे बघतो.

तर आण्णा, झालं गेलं विसरा. हा सगळा योगायोग होता, कापडाचा, जिलबीचा आणि पाण्याचा. पोरीच्या लग्नाला या. सासूबाईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
हनुमंत

ता. क. आज रविवार. वरचं पत्र परवाच बंद केलं होतं. परत उघडलं. 'योगायोग' हा शब्द खोडायला घेतला, पण तो खोडला की सगळंच सांगावं लागतं, तेव्हा सांगतो. गाडी तुम्ही लावली नव्हती. फाटकात उतरताना तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत, "दाजी, लावा कुठंतरी नीट," म्हणालात, आणि मी ती तिथे लावली. बोर्ड झाकलेला होता, मालक मी होतो, आणि मागच्या मैदानापर्यंत जायचा मला कंटाळा आला. पहिली गाडी मीच लावली. बाकीचे माझं बघून आले.

ता. क. दुसरा. माइकवर नंबर पुकारला तेव्हा किल्ली माझ्या खिशात होती. आग तोवर विझत आली होती. मी पुढे झालो असतो तर मालकानेच वाट अडवली हे लोकांना कळलं असतं. म्हणून मी मठ्ठा मारत राहिलो, आण्णा. विझलेल्या कनातीवर. तुम्ही मागे वळून बघितलंत, बादली घेतलेला मी तुम्हाला दिसलो, आणि मग तुम्ही "माझीच गाडी हाय" म्हणालात. तुम्ही तिथे मला शिवी दिली असती तर आज मला जेवण गेलं असतं. मला फार लाज वाटते. काल रात्री सगळं सविताला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, म्हणजे आता भाऊ-बहीण दोघेही.

ता. क. तिसरा, आठवड्याने. साहेबांनी सांगितलेला साधा बोर्ड लागला आहे, लाल अक्षरांचा. त्याच्याशेजारी मी पप्पूकडून आणखी एक करून घेतला. त्यात माझा फोटो आहे, हात जोडलेला नव्हे, दोन्ही कान धरलेला. खाली लिहिलंय, 'त्या दिवशी आण्णांची गाडी इथे यानेच लावली होती. तुम्ही लावू नका.' हायवेवरची एसटीसुद्धा तिथे हळू होते. राजनंदिनी म्हणते, लग्नाच्या व्हिडिओत तो बोर्ड येणार. येऊ दे, फक्त त्यात तिचा हात धरून चालणारे तुम्हीही असू द्या. मागच्या मैदानात चिंचेखाली तुमच्या गाडीची जागा झाडून ठेवली आहे. काच मी बसवून घेतो. या, आण्णा. गाडी तेवढी स्वतः लावा, किल्ली माझ्या हातात देऊ नका.