लफेव्र म्हणजे कोण

तीर्थरूप यमुनाताईस,

लखनौहून सुश्रुतचा, गुडघा वाकेल तितका वाकून नमस्कार. तुझी शुगर उतरल्याचं कळलं. माझी चढली आहे. घरातली घरात राहिली म्हणायची.

फोनवर तू फर्मावलंस की तुझी नात शर्मिष्ठा फ्रान्समध्ये ज्याच्याशी लग्न ठरवून बसली आहे, त्याच्या लफेव्र घराण्याची चौकशी कर, कारण 'तुझी ती लखनौची घरमालकीण लफेव्रच होती ना?' होती. म्हणून कामाला लागलो.

तर ऐक. लफेव्र म्हणजे लोहार. गावोगावी एक भाता, एक ऐरण, आणि त्या माणसाला 'तो लोहार' म्हणता म्हणता तेच आडनाव झालं. पुढे आपल्याला लॅटिन येतं हे दाखवायला जुन्या कारकुनांनी मध्ये एक 'ब' घुसवला. तो लिहायचा, पण उच्चारायचा नाही (आपल्या बापूकाकांसारखा, पंगतीला हजर, पण तोंडातून शब्द नाही). उत्तर फ्रान्समध्ये आजही इतके लफेव्र आहेत की पोस्टमनची तारांबळ उडत असेल, आणि दक्षिणेत हेच लोक फाब्र नाहीतर फोर होतात. तेव्हा घराणं विचारशील, तर अर्धा देश सोयरा होतो आहे.

एवढ्याने तुझं समाधान होणार नाही, म्हणून ऑटो करून हुसेनगंजच्या आपल्या जुन्या घरी गेलो. तिथे आता कोचिंग क्लास आहे. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "अंकल, बच्चे का नाम?" मी गोंधळून 'लफेव्र' म्हणालो. तिने ते माझ्या फोन नंबरासकट लिहून घेतलं आणि तेव्हापासून रोज सकाळी 'लाफेवर जी, डेमो क्लास?' असा फोन येतो. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला गोपीनाथ मात्र अजून तिथेच आहे, केस गेले तेवढेच. त्याने सांगितलं, मेमसाहब कब्रस्तानात आहेत.

ताई, हे मला ठाऊक होतं. त्या गेल्या तेव्हा मी आमच्या वनस्पती संशोधन संस्थेच्या कामाला हिमालयात नमुने गोळा करत होतो आणि परतल्यावर 'जाऊ एकदा' म्हणत राहिलो.

तुला आठवतं? आमचा प्रणव झाला तेव्हा जानेवारीचं धुकं, गाड्या बंद, तू सांगलीहून चार दिवसांनी पोचलीस. ते चार दिवस मिस लफेव्रनी मृणालला हलू दिलं नाही. "बेटा, तुम चाय बनाओ, बाकी हम देख लेंगे," असं मला सांगून त्या बाळाला पायांवर घ्यायला बसल्या. (लोहाराची लेक, पण साधा खिळा ठोकता यायचा नाही, तो मीच ठोकायचो, भिंतीच्या पोपड्यांसकट.) मग तू आलीस. तुला हिंदी येत नव्हती, त्यांना मराठी, तरी दोघी उन्हात बसून दुपारभर काय बोलायचात, ते मला अजून कळलेलं नाही.

कब्रस्तानात दगड सापडायला तास लागला. वर शेवाळ, आडनावातला 'ब' गायब. कोरणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं होतं. मी रुमालाने पुसत होतो, तर रखवालदार आला.

"आप कौन लगते हैं इनके?"

"किरायेदार."

"चालीस साल बाद?" त्याने दगडावरचं साल वाचून विचारलं.

मी पुसत राहिलो. त्याने न मागता पाण्याची बादली आणून दिली.

तर लफेव्र माणसं कशी, याचा माझ्याकडे हा एवढाच पुरावा आहे. लग्नाला होकार दे.

तुझा,
सुश्रुत

ता. क. : नवऱ्या मुलाशी फोनवर बोललो. त्याला तीन मराठी शब्द येतात: 'हो', 'नको' आणि 'वाढा'. संसाराला पुरेत.

ता. क. २ : हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण मृणाल गेल्यापासून या घरात मराठी बोलणारा मी एकटाच आहे. प्रणवला समजतं, उत्तर हिंदीत येतं. थंडीच्या आधी महिनाभर इकडे येशील का? चारबाग स्टेशनला मी स्वतः घ्यायला येईन. तिकीट काढून झालं आहे, म्हणून विचारतो आहे.