खाऱ्या पाण्यासाठी कणीक

रविवार, ऑक्टोबर. दिवेलागणीनंतर.

आज मालवणच्या होडीवाल्याचा फोन आला. दिवाळीनंतर तो दहा-बारा जणांना एकत्र समुद्रात गळाने मासे धरायला नेणार आहे. त्यात यांची आणि माझी जागा पक्की झाली.

फोन ठेवता ठेवता मी विचारलं, गळाला लावायची कणीक घरूनच मळून आणू का? तो हसला. "ताई, कणीक तळ्यात चालते. समुद्रात आम्ही कोळंबी लावतो. ती मी आणतो."

आता यांना कसं सांगू? तीस वर्षं हे इथल्या तलावांवर कणकेच्या गोळीनेच रोहू धरत आले. लकवा झाल्यापासून उजव्या हाताची मूठ मिटत नव्हती. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू यांनी कपाटावर टाकून दिला. पण होडीचं निघाल्यापासून रोज संध्याकाळी परात घेऊन बसतात, आणि त्याच हाताने कणीक मळतात. परवापर्यंत गोळ्यावर दोनच बोटं उमटायची. आज चारही. मी मोजली. मग पुन्हा मोजली.

"काहून हसून राहिली वं?" यांनी विचारलं. "काय म्हणे होडीवाला?"

"कणीक घट्ट पाहिजे म्हणे. समुद्रातली मासोळी जोरकस राहते."

खोटं बोलले. बरं केलं की नाही, माहीत नाही.

यांनी तो गोळा मोडला आणि पुन्हा पहिल्यापासून मळायला घेतला.