खाजणात उभी माणसं

५ ऑक्टोबर २००२, शनिवार

पोचलो एकदाचे! आमच्या आयसेलिन शहरातून बाहेर पडेपर्यंत ट्रॅफिकने जीव खाल्ला, पण शेवटचा तासभर नुसतं खाजण: दोन्हीकडे उंच पिवळं गवत, मधून चिखलाचे पाट आणि बगळेच बगळे. गाव म्हणजे एक चर्च, एक दुकान आणि थोडी लाकडी घरं. घरमालकीण एडना म्हातारी आहे, पण भारी हौशी. किल्लीबरोबर भोपळ्याचा गरम केक दिला.

उन्हाळ्यात नागपूरला शंतनूचे बाबा वारले आणि व्हिसाच्या घोळात त्याला जाता आलं नाही. तेव्हापासून त्याला झोप नाही. म्हणून तर ही सुट्टी. आज जेवल्यावर सोफ्यावरच घोरायला लागला. मी टीव्हीसुद्धा लावला नाही.

६ ऑक्टोबर

सकाळी फळ्यांच्या वाटेने खाजणात फिरलो. ओहोटी होती. गावातली काही माणसं अनवाणी चिखलात उभी होती, समुद्राकडे तोंड करून, अगदी स्तब्ध. मला वाटलं शिंपले काढतायत, पण हात रिकामे. एडनाला विचारलं. ती म्हणाली, घरात कुणी गेलं की इथले लोक तिथे जाऊन उभे राहतात, बरं वाटतं. शंतनू मन लावून ऐकत होता.

७ ऑक्टोबर

आज शंतनूही जाऊन उभा राहिला. मी थर्मास घेऊन गेले, चहा नको म्हणाला. "आसावरी, इथे डोक्यातलं सगळं थांबतं गं." किती दिवसांनी हसला! पण भरती आली तरी निघेना. पाणी कमरेला लागल्यावर ओढून आणला. पाय बर्फासारखे गार पडले होते. त्याला कळलंच नव्हतं.

८ ऑक्टोबर

उठले तर तो आधीच तिथे. हाक मारली, वळला नाही. दंड धरून ओढला, हलेना. रोवलेल्या खांबासारखा. एडना काठावरून शांतपणे म्हणाली, "राहू दे त्याला. तो आता निवांत आहे."

पोलिसांना फोन केला. एकजण आला, माझं सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, त्याची स्वतःची आईही मागच्या वर्षी गेली. मग फळ्यांवर बसून बूट काढायला लागला.

९ ऑक्टोबर

भरतीत डोकी बुडाली. सगळ्यांची. मी ओरडत राहिले —

ओहोटीला तसेच उभे. शंतनूचे डोळे उघडे. श्वास चालू आहे का, माहीत नाही. जवळ जायचा धीर नाही झाला.

१० ऑक्टोबर

रस्त्यावर पाणी. गाडी निघत नाही. फोन बंद. एडनाकडे गेले, दाराशी नुसते तिचे बूट.

दुपारी

पाणी अंगणात. ते सगळे पुढे सरकलेत. चालताना दिसत नाहीत — पडदा बाजूला केला की जवळ. शंतनू सगळ्यांच्या पुढे.

आता कुणाचंच तोंड समुद्राकडे नाही.

तो पायरीवर आहे. ओठ हलतायत. काय म्हणतोय ते मला ऐकायचं नाही, नाही ऐकायचं, तरी मी खिडकी —