किल्ल्यांची पाटी आणि तुमचं टेबल

तीर्थस्वरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार उभ्यानेच घातला आहे, तो आडवा समजून घ्यावा. खोलीत आता आडवं व्हायला जागा नाही, मशीन आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामीला भुशाने अजून शिंका येतात का? इकडे हिलाही सुरू झाल्यात.

तर मामा, मशीन झालं! कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कापणारं, आणि याच दोन हातांनी घरी केलेलं. मला सरळ खिळा ठोकता येत नाही असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात. कबूल. पण आता खिळा ठोकायचाय कोणाला? जुन्या प्रिंटरच्या मोटरी काढल्या, कपाटाच्या ड्रॉवरचे रूळ काढले (ड्रॉवर सध्या पलंगाखाली), आठ महिने खपलो. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा उजवीकडे जा म्हटलं की पठ्ठ्या डावीकडे जायचा. ही म्हणाली, घराण्याचा गुण उतरलाय. मोटरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या, त्या बदलल्या. (घराण्याला इलाज नाही.)

मग हिने अट घातली: रविवारपर्यंत यातून घराच्या उपयोगाची एक तरी वस्तू निघाली पाहिजे, नाहीतर मशीन भंगारात. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा काहीतरी मनापासून शिकलोय मी! पण डगमगलो नाही. किल्ल्या अडकवायची पाटी करायला घेतली. प्लायवूड अठरा मिलिमीटरचं, तेवढं खोल काप म्हणून कॉम्प्युटरात आकडा भरला, आणि अकरा मिनिटांत पाटी हातात. कडा अशा, की तुम्हीसुद्धा बोट फिरवून गप्प बसाल. हिने ती लगेच दाराशी लावली. मशीन राहिलं!

तुमचा भाचा
(आता कारागीर म्हणायला हरकत नाही)

ता. क. प्लायवूड सोळाचंच निघालं. दुकानदार अठरा म्हणाला, मी मोजलं नाही. पाटी कापताना मशीन टेबलावर मांडलं होतं, उरलेले दोन मिलिमीटर त्याने खालच्या टेबलात कापले. टेबल म्हणजे, तुम्ही आमच्या लग्नात स्वतः करून दिलेलं, सागवानी. वर चादर घातली आहे. हिला कळलं तर मशीन गेलंच. येत्या शनिवारी रंधा घेऊन याल का? ही दिवसभर बाहेर असते.

आणखी ता. क. (हे अक्षर सूनबाईचं.) मामा, पत्र टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं. जेवणाच्या टेबलावर पलंगाची चादर दिसल्यावर मी ती उचलणार नाही का? मशीन राहू दे. हे हल्ली घरात शीळ घालत फिरतात, लग्नानंतर प्रथमच. शनिवारी जरूर या, पण रंधा आणू नका. ती खाच तशीच असू दे, दोन्ही वेळा जेवताना यांच्या ताटाशेजारी.